दोन पायांतला फरक

कुमुदआत्या पडवळला न्यायला आल्या तेव्हा मी मागच्या व्हरांड्यात बसून त्याची लघवी दाबून काढत होते.

हे काम दिसायला बरं नाही, मला मान्य आहे. कुत्र्याला जुन्या चादरीवर कुशीवर धरायचं, मांड्यांच्या जरा पुढे पोटाला दोन्ही बाजूंनी तळहात लावायचे, आत लिंबाएवढी फुगीर पिशवी चाचपून सापडली की ती हळूहळू मागे दाबत न्यायची. जोर जास्त झाला तर पिशवीला इजा, कमी झाला तर आत राहिलेल्या लघवीत जंतू. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर पडवळला स्वतःहून होत नव्हती, म्हणून हे दिवसातून चारदा. माझ्याशिवाय घरात ते कुणाला येत नव्हतं. शिकायलाही कुणी तयार नव्हतं.

आत्यांनी दारातच नाकाला पदर लावला.

"अजून असंच चाललंय होय गं? मला वाटलं, पुण्याला नेऊन एवढं कापून शिवून आणलंय, म्हणजे उड्या मारत असेल."

"उडीनंच झालं हे, आत्या," मी म्हणाले.

कुमुदआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तासगावच्या पुढे त्यांची द्राक्षबाग. आमच्या सांगलीच्या घरात अवघड निर्णय आला की तो आत्यांकडे जायचा आणि पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत त्या तो देऊन टाकायच्या. हृषीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कुठल्या शाखेला जायचं ते त्यांनी ठरवलं. बंगल्याचा जिना बाहेरून काढायचा की आतून, तेही. आता कुत्र्याचं ठरवलं होतं. फाटकाशी त्यांच्या मुलाची पिकअप उभी होती, मागे द्राक्षांचे रिकामे क्रेट, आणि त्यातल्या एका क्रेटमध्ये पोतं अंथरलेलं. ते पोतं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि माझ्या मस्तकात जी तिडीक गेली ती दिवसभर उतरली नाही.

पडवळ आमचा डॅशहंड. लग्नानंतर पहिल्या वर्षी हृषीने आणला. नाव अण्णांनी ठेवलं. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक, कुणालाही पाहिलं की नाव ठेवायची सवय. पिल्लू उंबऱ्यातून आत आलं तेव्हा म्हणाले, हे कुत्रं नव्हे, मांडवावरून उतरलेलं पडवळ आहे. ते चिकटलं. या जातीची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणके नाजूक. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पाच वर्षं तो दिवाणावरून उड्या मारत राहिला. एक दिवस तशीच नेहमीची उडी मारली आणि खाली आला तो मागचे दोन्ही पाय फरशीवर पसरले. पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत माझ्यापर्यंत आला. ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, हे काय झालं ते मी सांगावं म्हणून.

पुण्याच्या डॉक्टर साळगावकर बाईंनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली होती, ती काढली. घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून सगळं शिकवलं. पिंजऱ्यात ठेवायचं, जिने बंद, उड्या बंद, वजन वाढू द्यायचं नाही. पोटाखाली टॉवेल घालून मागचा भाग उचलून चालवायचं. पाय सायकलसारखे फिरवायचे. मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवायचा आणि तो स्वतः सुलटा करतो का, ते बघायचं.

"आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "नुसत्या पायाकडे बघू नका. एकटा पाय काही सांगत नाही. दोन पायांतला फरक बघत जा. रोज बघा, एकाच माणसाने बघा. सहाजणांनी बघितलं की कुणीच बघत नाही."

ते एक माणूस म्हणजे मी, हे वेगळं सांगावं लागलं नाही. हृषीची कुपवाडच्या कारखान्यात पाळी, सासूबाईंना शिवाशिव, अण्णांचा जीव हळवा. ते पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि माझी पाठ वळली की गजांतून टोस्ट आत सरकवायचे. माझ्या कडेवर निनाद होता, तेव्हा नऊ महिन्यांचा. एका हाताने त्याला भात भरवायचा, दुसऱ्या हाताने पडवळचा पंजा उलटा करायचा. कितीतरी दिवस त्याने तो सुलटा केलाच नाही. उलट्या पंजावर उभा राहून बिस्किटाची वाट बघायचा. मग एका सकाळी, फार विचार करून, त्याने डावा पंजा वळवून नीट ठेवला. मी निनादला उचलून घरभर नाचले. सासूबाई देवपूजेतून म्हणाल्या, पोराने पाऊल टाकलं की काय? मी म्हणाले, नाही, पडवळने. त्यावर घंटा जरा जोरात वाजली.

पोराच्या पावलाचं मात्र वेगळंच चाललं होतं.

निनाद रांगला नाही, बसल्या बसल्या सरकायला लागला. उजवा पाय रोवायचा, ढुंगण उचलायचं, पुढे यायचं, आणि डावा पाय मागून ओढत आणायचा. पडवळ घरी आल्यावर थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. पहिल्यांदा सगळे हसले. अण्णांनी मोबाइलवर चित्रण करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, पुढे एक कुत्रा ओढत चाललाय आणि मागे एक नातू. कुणीतरी लिहिलं, पडवळ नंबर दोन. आत्यांचा संदेश सगळ्यांत शेवटी आला. हसताय काय, त्यांनी लिहिलं होतं, लेकरू बघतं तसं करतं.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला दुसरं कारण उरलं नाही. सासूबाई निनादला पिंजऱ्याच्या बाजूला पाठ करून बसवायला लागल्या. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या की त्यांच्या भाचीचा मुलगा घरातल्या तोतऱ्या नोकराचं ऐकून तोतरा झाला. मी मात्र रात्रंदिवस एकच विचारत होते. नकलाच करायच्या तर त्याने दोन्ही पाय ओढले असते. पडवळचे दोन्ही पाय गेलेत. मग याचा डावाच का?

मी त्याला गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या खेपेला ते म्हणाले, प्रत्येक मूल वेगळं असतं. दुसऱ्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी विचारलं, "घरात लुळं कुत्रं आहे डॉक्टर. त्याचं बघून करत असेल का?"

डॉक्टर मोबाइलवर काहीतरी लिहीत होते. हसून म्हणाले, "करतात हो. मुलं नकला फार करतात." मग माझ्याकडे बघून, "पहिलंच ना हे? पहिल्या मुलाला आयांना सगळं वाकडंच दिसतं. दुसऱ्याला बघायलासुद्धा वेळ नसतो."

सासूबाईही हसल्या. निनादची चड्डीसुद्धा डॉक्टरांनी काढली नाही. मांडीवरून न उतरवता त्याला तपासलं, आणि मला तपासलं ते चिंतातूर आई म्हणून. मी बी.एस्सी. झालेली बाई. तोंडात शब्द आले होते, पण सासूबाईंनी पर्स उघडली, डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली आणि शब्द तोंडातच राहिले. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "बघ, डॉक्टरच म्हणाले." त्यानंतर घरात कुणाशीही बोलायची सोय उरली नाही.

माझ्या सासरच्या घराण्यात एक रीत आहे. पहिल्या वाढदिवसाला मुलाच्या हातात पांगुळगाडा द्यायचा. लाकडी, तीन चाकांचा, लाल-हिरवा रंगवलेला. अण्णांच्या वडिलांनी सावंतवाडीहून आणलेला. अण्णा त्याला धरून चालले, आत्या चालल्या, हृषी चालला. सगळे नातेवाईक दोन बाजूंना उभे राहतात, मूल गाडा ढकलत मधून जातं आणि पुढे आजी ओवाळायला उभी असते. निनादचा वाढदिवस रविवारी होता. आदल्या आठवड्यात सासूबाईंनी माळ्यावरून गाडा उतरवला, पुसला, चाकांना तेल घातलं आणि निनादला त्याला धरून उभं केलं.

तो उभा राहिला, पण एका अंगाला कलून. डावी टाच जमिनीला टेकेना. चवड्यावर उभा राहून त्याने गाडा ढकलला, गाडा गोल फिरला आणि तो पडला. सासूबाईंनी त्याला उचललं नाही. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या आणि मी ऐकलं, त्या फोनवर आत्यांना सांगत होत्या, "वन्सं, रविवारच्या आत न्या ते कुत्रं. माझ्या नातवाचा पांगुळगाडा चाललाच पाहिजे."

हृषीने मला हे संध्याकाळी सांगितलं, बूट सोडता सोडता, खाली बघून.

"थोडेच दिवस गं, ऊर्वी. वाढदिवस होईपर्यंत."

"त्याची लघवी कोण काढणार तिथे?"

"आत्याकडे गडी आहेत."

"हृषी, त्याची लघवी तुंबली तर दोन दिवसांत आत विष होईल. तू ते शिकलास का? तूच शिकला नाहीस, गडी शिकणार?"

"बघू," तो म्हणाला. हृषीच्या प्रत्येक गोष्टीला शेवटी 'बघू' असतं. तो वाईट माणूस नाही. पण त्याने बघू म्हटलेली गोष्ट मी कधी त्याने बघितलेली पाहिली नाही. शेतावर पाठवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारा बैल, चावरं कुत्रं, नकोसं मांजर, सगळं शेतावर जातं. मग काही दिवसांनी कुणी विचारलं तर सांगतात, मजेत होतं, एके दिवशी दिसेनासं झालं.

आणि म्हणून ते पोतं.

पडवळला पुसून मी आतल्या खोलीत सतरंजीवर आणलं. माझ्या डोक्यात काहीच ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की त्याचा सकाळचा व्यायाम पुरा झाल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि तो मी दुपारपर्यंतही चालवेन. आत्या खुर्ची ओढून समोर बसल्या. सासूबाई चहा घेऊन आल्या. अण्णा वर्तमानपत्रामागे होते. हृषीने सुट्टी काढली होती. कुत्रं न्यायला सुट्टी काढली, डॉक्टरकडे यायला कधी मिळाली नव्हती.

"कर बाई, कर," आत्या चहा ओतत म्हणाल्या. "नवऱ्याचे पाय कधी चेपलेस का असे?"

"त्याचे चालतात, आत्या."

अण्णांचं वर्तमानपत्र जरा हललं.

निनाद सरकत सरकत आला आणि पडवळशेजारी उताणा पडला. हा त्याचा रोजचा खेळ. पडवळचे पाय फिरवून झाले की माझे फिरव, म्हणून तो दोन्ही पाय वर करायचा. मी पडवळची सायकल केली, निनादची केली. पडवळचे गुडघे वाकवून सरळ केले, निनादचे केले. आता पडवळचा एक व्यायाम उरला होता. डॉक्टर साळगावकरांनी तो आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगितला होता. पाय आता जोर धरतायत, पण मांड्या आखडल्यात, तर उताणं धरून मांड्या बाजूला उघडा, पुस्तकासारख्या.

मी पडवळला उताणं केलं आणि मांड्या उघडल्या. दोन्ही सारख्या उघडल्या. तो आळसावून जांभई देऊन मोकळा झाला.

मग निनाद. त्याच्या मांड्या मी अशा कधी उघडल्या नव्हत्या. आमच्याकडे बाळाचे पाय सरळ ठेवायचे, जोडून ठेवायचे, हेच शिकवलेलं. उजवी मांडी सहज उघडली, गुडघा सतरंजीला टेकला. डावी अर्ध्यावर थांबली.

मी थांबले. पुन्हा उघडली. पुन्हा तिथेच. जोर नाही लावला, लावायचा नसतो हे पडवळनेच मला शिकवलं होतं. हाताला एक अडसर लागत होता आणि निनाद हसत होता, त्याला दुखत नव्हतं. मी त्याची चड्डी काढली. दोन्ही मांड्या बघितल्या. उजवीवर दोन वळ्या, डावीवर तीन. मी त्याला अकरा महिने रोज आंघोळ घालत होते. रोज तेल लावून त्या वळ्या पुसत होते, पण एका वेळी एकच मांडी; दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. मग मी त्याचे दोन्ही गुडघे दुमडून पावलं शेजारी शेजारी सतरंजीवर टेकवली आणि पायाकडून बघितलं.

एक गुडघा वर होता, एक खाली.

आणि त्याच क्षणी आत्यांनी बशी खाली ठेवून हृषीला म्हटलं, "चल रे, उचल ते कुत्रं. ऊन व्हायच्या आत पोचलं पाहिजे. लेकराचं तरी भलं होऊ दे."

हृषी उठला.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो खाली होता. "आधी इकडे या. सगळे या. आत्या, तुम्ही पुढे या, चष्मा लावा. अण्णा, पेपर ठेवा."

का कुणास ठाऊक, पण सगळे आले. सतरंजीभोवती वाकून उभे राहिले. मी पडवळच्या मांड्या उघडून दाखवल्या. मग निनादच्या. उजवी. डावी. मग वळ्या. मग गुडघे.

"हा गुडघा खाली का आहे, सांगा. आत्या, हे त्याने कुणाचं बघून केलं?"

आत्यांनी चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला आणि वाकून गुडघे परत बघितले.

"तीन महिने," मी म्हणाले. "तीन महिने मी सांगतेय की त्याचा एकच पाय मागे राहतो. तुम्ही त्याला पाठ फिरवून बसवलंत. लुळं कुत्रं, लुळं कुत्रं करत बसलात. एकाने, एकाने तरी त्या पोराची चड्डी काढून बघितली का? हे कुत्रं कुठेही जाणार नाही. मी निनादला घेऊन मिरजेला चाललेय, आत्ता. आणि हृषी, तू हात धुऊन खाली बस. मला किती दिवस तिथे राहावं लागेल माहीत नाही. तोवर याची लघवी तू काढायची आहेस."

"आत्ता?" हृषी म्हणाला.

"आत्ता. बघू नाही. बस."

मी त्याचे तळहात धरून पडवळच्या पोटावर ठेवले. पडवळने मान वळवून बघितलं की हे कोण आहे, आणि मग परत मान टाकली. पिशवी नुकतीच रिकामी झाली होती, पण जागा कळली. दुपारी त्याला ती एकट्यालाच शोधावी लागली. त्याने शोधली. ते त्याचं त्याला श्रेय.

मिरजेला मुलांच्या हाडांचे एक म्हातारे डॉक्टर बसतात असं मला माहेरच्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं. सासूबाई आपणहून रिक्षात चढल्या, मी नको म्हणाले नाही. डॉक्टरांनी निनादला टेबलावर उघडा झोपवला आणि मी सकाळी केलं होतं तेच केलं, पण त्यांना एकदाच करावं लागलं. मग फोटो काढला. खुब्याचा गोळा उजव्या बाजूला खोबणीत बसला होता, डाव्या बाजूला बाहेर, वर सरकलेला. जन्मापासूनच सैल होता, ते म्हणाले, आणि हळूहळू निसटला.

"कधीपासून ओढतोय पाय?"

मी सांगितलं.

"मग इतके दिवस काय करत होतात?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघत होत्या. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, बाळाला पाय सरळ करून घट्ट गुंडाळून ठेवायचात का? ठेवायचो. पाय सरळ राहावेत म्हणून सासूबाईंनी बारशापासून रोज बांधलेलं होतं, आणि मी सैल केलं की पुन्हा आवळलेलं. डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण अशा खुब्याला ते अजिबात चालत नाही. रिक्षात परत येताना सासूबाई इतकंच म्हणाल्या, "आमच्या हृषीलाही तसंच बांधलं होतं." सगळा राग एका प्रवासात काढून टाकायचा नव्हता मला.

वाढदिवसाला निनाद दवाखान्यात होता. भूल देऊन गोळा जागेवर बसवला आणि छातीपासून पावलांपर्यंत प्लास्टर घातलं, दोन्ही पाय बेडकासारखे फाकवून. पांगुळगाडा आला तसा माळ्यावर गेला. घरी आलो तेव्हा हालचाल बंद असलेली माझी दोन मुलं शेजारी शेजारी होती, एक पिंजऱ्यात, एक प्लास्टरमध्ये. प्लास्टरमधल्याला कसं उचलायचं, कुशीवर कसं वळवायचं, लघवीने ओलं कसं होऊ द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. सराव झाला होता.

निनाद वर्षभराने चालला. नीट चालला. पडवळ त्याच्या कितीतरी आधी, मागचा भाग एका बाजूला टाकत, तिरका तिरका, आगगाडीचा शेवटचा डबा जरा सैल असावा तसा. लघवीसुद्धा स्वतःहून करायला लागला, आणि पहिली केली ती अण्णांच्या खुर्चीच्या पायावर. अण्णांनी त्याबद्दल त्याला शाबासकी दिली.

माफी कुणी मागितली नाही. मला वाटलं होतं, कुणी काही बोलणारच नाही, सगळे विसरतील. तेही चाललं असतं. पण घडलं ते वेगळंच. निनाद चालायला लागल्यावर मी नोकरी धरली होती; एका गुरुवारी कामावरून आले तर घरात पाहुणे. आत्या नरसोबाच्या वाडीला दर्शन करून थेट आमच्याकडे आल्या होत्या, बरोबर त्यांच्या चार जावा-नणंदा. पिंजरा केव्हाच गेला होता, पडवळ गालिच्यावर मधोमध बसला होता. त्याच्या कपाळाला कुंकू. निनाद त्याच्यावर रेलून बसलेला. आणि आत्या हातवारे करून सांगत होत्या.

"आम्ही घालवायला निघालो होतो हो याला. पोतंसुद्धा अंथरलं होतं. पण हा हलेना. लेकरापाशी जाऊन बसला आणि त्याच्या डाव्या पायाला नाक लावलं. तिथेच! डॉक्टरला कळलं नाही ते मुक्या जनावराने ओळखलं. महाराजांच्या पायाशी कुत्री असतात ती उगाच का?"

बायकांनी हात जोडले. सासूबाईंनीही जोडले. त्या तिथे होत्या, त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि त्यांनी हात जोडले. हृषी दारात उभा होता. माझी नजर चुकवून तो पाणी आणायला आत गेला.

"आत्या," मी पर्स न ठेवताच म्हणाले, "त्याने काही ओळखलं नाही. त्याला स्वतःचे पाय ओळखायला चार महिने लागले. ओळखलं मी. मी बघितलं म्हणून दिसलं."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघावं तसं, मायेने.

"हो गं बाई. पण तुला बुद्धी कुणी दिली?"

आणि त्यांनी पुडा सोडून वाडीचा पेढा पडवळच्या तोंडात घातला. अख्खा. त्यामागून दुसरा हातात तयार होता. आधी घराबाहेर काढून मारणार होते, आता घरात ठेवून पेढे घालून मारणार होते. पाठीला त्याचं वजन जड झालं की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

मी खाली बसले, पडवळचा जबडा उघडला, दोन बोटं घालून तो पेढा बाहेर काढला आणि उठून मोरीत टाकला.

पुढे ऐकायला आलं ते असं की आत्या आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात दोन गोष्टी सांगतात. कुत्र्याने लेकराचा पाय ओळखला, ही एक. आणि दत्ताचा प्रसाद मोरीत टाकला, ही दुसरी. पहिल्या गोष्टीत मी कुठेही नसते. दुसरी मात्र त्या माझं नाव घेऊन सांगतात.